रेघ कुणाची?

मोठे साहेब, त्या बाईचे डोळे तुम्ही बिघडवलेत. मी नाही, आणि तिने स्वतः तर मुळीच नाही. तुमच्या चौकशीच्या कागदावर एकच ओळ आहे: "कारण – सदोष पडदा व तपासनीसाची अधू नजर." म्हणजे अर्धा दोष माझा, अर्धा तिचा, आणि तुमच्या वाट्याला फक्त खालची सही. वा! मला बोलता येत नाही असं समजून तुम्ही माझ्यावर ढकललंत. आता ऐका.

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. तुमच्या शाळेच्या संगणक खोलीत दाराजवळच्या टेबलावर बसतो तोच. माझ्या काचेवर डाव्या बाजूला बोटभर लांबीची उभी रेघ आहे. तुम्ही ती खोडरबराने पुसून बघता, थुंकी लावून बघता. ती जाणार नाही. ती रेघ मला कशी पडली ते मी सांगणारच आहे, कारण माझी सगळी गोष्ट त्या रेघेभोवतीच फिरते.

मी साधा मॉनिटर नव्हतो. रंगीत चित्रं दाखवायला मला बनवलंच नव्हतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या जितक्या छटा असतात तितक्या वेगवेगळ्या दाखवायच्या, हे माझं काम. मला बनवणाऱ्या कारागिरांनी एका अंधाऱ्या खोलीत तीन दिवस मला तपासलं आणि मगच खोक्यात घातलं. तिथून मी आलो तो सिलिंडरच्या कारखान्यात. हो, स्वयंपाकघरात शेगडीला जोडतात तोच गॅसचा सिलिंडर. दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालून मधे वेल्डिंगने जोडल्या की सिलिंडर तयार होतो. त्या जोडात केसाएवढी चीर राहिली तर वरून रंग देऊन ती झाकली जाते, पण आत ती असतेच. म्हणून प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढायचा आणि तो चित्र होऊन माझ्यावर उमटायचा. माझ्यासमोर बसलेल्या माणसाने बघायचं आणि 'पास' किंवा 'नापास' असं बटण दाबायचं.

माझ्यासमोर बसायची ती भिंगताई. हे तिचं खरं नाव नव्हे. पण भिंग लावूनही इतरांना दिसायचं नाही ते तिला नुसतं दिसायचं, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला भिंगताईच म्हणायचे. तिला शिकवलं मास्तरांनी. मास्तर त्या खोलीतले सर्वांत जुने तपासनीस, मी आलो तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. मला टेबलावर ठेवलं तेही त्यांनीच. आधी हात लांब करून बोटाचं टोक माझ्या काचेला टेकवलं.

"हाताच्या अंतरावर," ते म्हणाले. "आणि वरची कड डोळ्यांच्या जरा खाली. मान ताठ, नजर उतरती. नजर उतरती असली की पापणी अर्धी झाकलेली राहते, डोळा कमी सुकतो. कळलं का, पोरी?"

"कळलं. पण मास्तर, एसीचा वारा थेट तोंडावर येतोय."

"मग त्याचं तोंड फिरव. तो काय तुझा सासरा आहे, त्याचं निमूट सोसायला?"

ती खोली मंद उजेडाची होती. दिवे माझ्या मागच्या भिंतीवर, तेही झाकलेले. डाव्या हाताला मोठी खिडकी, तिला जाड पडदा. त्या पडद्याची एक पद्धत होती. वीस चित्रांचा एक गठ्ठा संपला की पडदा हाताने बाजूला करायचा आणि लांब पटांगणापलीकडच्या पाण्याच्या उंच टाकीकडे बघायचं. सावकाश, वीसपर्यंत आकडे मोजत, पापण्या नीट मिटत. याला त्या खोलीत "टाकीवर जाऊन येणं" म्हणत. मास्तर मोठे वस्ताद. कुणी नुसतंच पडदा हलवल्यासारखं करून परत कामाला लागलं की ते मान न वळवता विचारायचे, "टाकीवर किती पाखरं बसलीत?" ज्याला आकडा सांगता यायचा नाही त्याला परत टाकीवर जावं लागायचं.

"तीन बसलीत, मास्तर. चौथं येऊ का नको म्हणून घिरट्या घालतंय," भिंगताई म्हणायची.

"त्याला सांग, जागा आहे."

आणखी एक गोष्ट मास्तरांनी शिकवली. त्या खोलीतल्या माणसाला चित्रात बारीक रेघ दिसली की तो लगेच नापास म्हणत नाही आणि लगेच पासही म्हणत नाही. आधी विचारतो, ही रेघ कुणाची? चित्र बोटाने जरा सरकवायचं. रेघ जागेवरच राहिली तर ती काचेवरची. मग पापणी दोनदा घट्ट मिटायची. रेघ गेली किंवा हलली तर ती डोळ्यातली, कारण डोळ्यावरचा पाण्याचा पापुद्रा सुकून फाटला की तशी सावली दिसते. आणि चित्राबरोबर सरकली, पापणी मिटूनही तशीच राहिली, तर ती धातूतली. ती खरी चीर.

हे सगळं व्हायला अर्धं मिनिट लागायचं. पण त्या अर्ध्या मिनिटात, मित्रांनो, कुणाचं तरी आख्खं स्वयंपाकघर उभं असायचं.

ती माझी चांगली वर्षं होती. मी तिचा चेहरा जितका जवळून पाहिला तितका तिच्या आईनेही पाहिला नसेल. दर मिनिटाला ती पंधरा-सोळा वेळा पापणी मिटायची आणि डोळे कसे, धुतलेल्या पाटीसारखे स्वच्छ. एकदा तिने अशी चीर पकडली की एक्स-रे यंत्रावरचा माणूस म्हणाला, तिथे काहीच नाही. सिलिंडर कापून बघितला. चीर होती. मोठे साहेब, तेव्हा तुम्ही स्वतः आला होतात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, तिच्याबरोबर फोटो काढलात, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "ही आमची नजर आहे." आठवतं? मला आठवतं. तुमच्या अंगठीचा खडा माझ्या कडेला लागला होता.

मग मास्तर निवृत्त झाले. जाताना त्यांनी भिंगताईला एवढंच सांगितलं, "टाकीवर जायचं सोडू नकोस."

चारच महिन्यांनी हुकूम आला. खोलीत एक नवा सुपरवायझर आला आणि त्याच्याबरोबर खोकंभर कॅमेरे. प्रत्येक मॉनिटरच्या डोक्यावर एक कॅमेरा. त्याला म्हणायचं 'नजर-हजेरी'. समोरच्या माणसाची नजर पडद्यावरून चार सेकंद हटली की कॅमेरा टुंग करून वाजायचा. पापणी जरा जास्त वेळ मिटली तरी टुंग. तासाभरात तीनदा टुंग झालं की बाहेरच्या फळ्यावर नावापुढे लाल फुली. आणि प्रत्येक चित्राला बारा सेकंद. तेराव्या सेकंदाला पुढचं चित्र आपोआप यायचं, आधीच्यावर बटण दाबलेलं असो वा नसो.

त्या सुपरवायझरला दुपारपर्यंत नाव पडलं, बारासेकंदे साहेब. आडनावच वाटावं असं बसलं ते.

माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवताना स्क्रू आवळणाऱ्याचा हात निसटला आणि पेचकस माझ्या काचेवरून खाली ओढला गेला. ही बघा, हीच ती रेघ. "चालतंय, कोपऱ्यात आहे," असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला. अंधारात कॅमेऱ्याला चेहरा दिसेना, म्हणून छताचे सगळे दिवे लावले. त्यांचं प्रतिबिंब माझ्या काचेत पडलं आणि माझ्या करड्या छटा धुऊन निघाल्या. ते भरून काढायला माझा उजेड शेवटपर्यंत वाढवला आणि पासवर्ड लावून बंद केला. कॅमेऱ्यासमोर चेहरा सरळ यावा म्हणून मला कागदाच्या दोन गठ्ठ्यांवर चढवलं. आता भिंगताईला डोळे विस्फारून वर बघावं लागायचं. खिडकीतून ऊन आलं की कॅमेरा गोंधळायचा, म्हणून पडदा काढला आणि काचेवर पुठ्ठा चिकटवला. कॅमेरे तापतात म्हणून एसीचं तोंड परत आमच्याकडे वळवलं.

एका दिवसात मास्तरांची आख्खी खोली उलटीपालटी झाली. टाकी गेली, पाखरं गेली.

मी मोजत होतो. पहिल्या आठवड्यात तिची पापणी मिनिटाला दहा वेळा मिटायची. महिन्याने सात. दोन महिन्यांनी चार. माणसाला टक लावायला भाग पाडलं की तो पापणी मिटायचंच विसरतो, त्यात आता वाजण्याचं भय. आधी तिला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायला लागलं. मग जळजळ. मग दुपारी अचानक घळाघळा पाणी.

"काय गं, घरी भांडण झालं वाटतं," शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणायचे. "डोळे बघ, टोमॅटो झालेत."

"भांडायला निदान डोळे तरी उघडे राहायला हवेत. घरी गेले की मिटूनच पडते."

"पाणी येतंय म्हणजे सुकलेले तर नाहीत ना?"

"तेच कळत नाही. पाणीही येतं आणि आतून कोरडंही वाटतं. चुलीपुढे बसल्यासारखं."

टुंग.

दोघींनी माना परत आपापल्या मॉनिटरकडे वळवल्या. वहिनीने टेबलाखालून तिला लाली घालवणाऱ्या थेंबांची बाटली दिली. त्याने डोळे तासभर पांढरे दिसायचे आणि मग दुप्पट जळायचे. डोळ्यांचं तिने विचारलं कुणालाच नाही. विचारायला गेलं तर डोळ्यांची तपासणी होणार, तपासणीत काही निघालं तर टेबल जाणार. चौदा वर्षांचं टेबल! त्या कारखान्यात भिंगताईची नजर गेली असं म्हणणं म्हणजे सुतार हात तोडून बसला असं म्हणण्यासारखं होतं.

आणि मग तिला रेघा दिसायला लागल्या. एक तर माझी, ती तिला पाठ होती. दुसऱ्या तिच्या डोळ्यांतल्या. सुकलेल्या डोळ्यात चिकट धागा जमतो आणि त्याची वाकडी सावली चित्रावर पडते. पहिल्या पहिल्यांदा ती पापणी घट्ट मिटून बघायची. टुंग. चित्र सरकवून बघायची, तोवर बारा सेकंद संपायचे. फळ्यावर तीन दिवसांत पाच लाल फुल्या लागल्या.

बारासेकंदे साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "ताई, तुमचं नाव मोठं ऐकलं होतं. आणि तुम्ही तर डुलक्या काढताय."

"डुलक्या नाही साहेब. तपासतेय. पापणी मिटल्याशिवाय कळत नाही, रेघ कुणाची ते."

"सतरा जणं काम करतात या खोलीत. त्यांना नाही लागत पापणी मिटायला?"

"लागते साहेब. तुम्हालाही लागते. आत्ता मिटलीत."

पलीकडे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. संध्याकाळी सहावी फुली.

म्हणून तिने स्वतःशी एक सोय लावून घेतली. मी समोरून सगळं बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो. सरळ रेघ ती मॉनिटरची, वाकडी रेघ ती माझ्या डोळ्यातली, दोन्ही सोडून द्यायच्या आणि उरलं ते बघायचं. तिसरी रेघही वाकडीच असू शकते, हे तिला माहीत होतं. मास्तरांच्या हाताखालची बाई ती, तिला माहीत नसणार तर कुणाला? पण बारा सेकंदांत माहीत असलेलंही विसरतं.

तो दिवस. जेवणाच्या सुट्टीनंतर तीनशे सिलिंडरांची चित्रं आली. चार वाजता ट्रक निघायचा होता. दोन ते तीन या तासात तिने तीनशे चित्रं बघितली, तीनशे वेळा बटण दाबलं. मधल्या कुठल्यातरी चित्रात जोडाच्या वरच्या कडेला एक बारीक रेघ होती, शेवटाला जराशी वळलेली. तिचे डोळे त्या वेळी पेटले होते. पापणी एक मिनिटभर मिटली नव्हती. मी मोजत होतो ना! तिने ती रेघ बघितली आणि पास दाबलं. मी ओरडलो असतो तर छताचे दिवे फुटले असते. पण मला तोंड नाही. पुढचं चित्र आलं. स्वच्छ. मग पाणी गालावरून ओघळलं, मग कुठे तिने पापणी मिटली.

तीन वाजता दहा मिनिटांची सुट्टी झाली. कॅमेरे बंद झाले. ती खुर्चीतच मागे रेलून डोळे मिटून बसली. वहिनी शेजारी काहीतरी सांगत होती, बहुतेक लेकाच्या परीक्षेचं. पाच मिनिटं गेली असतील. भिंगताई एकदम ताठ बसली.

"वहिनी, डोळ्यातला धागा पापणी न मिटता जातो का गं?"

"म्हणजे?"

"एका चित्रात रेघ दिसली. मी म्हटलं, माझ्या डोळ्यातली. पुढच्या चित्रात ती नव्हती. आणि मधे मी पापणी मिटली नव्हती. मिटल्यावर कसं बरं वाटतं, ते नंतर वाटलं. पाणी आलं तेव्हा." तिने खुर्ची वहिनीकडे वळवली. "डोळ्यातली असती तर पुढच्या चित्रातही माझ्याबरोबर आली असती ना?"

वहिनीच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं, मग ती..."

"धातूतली."

दोघींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून सात मिनिटं.

बारासेकंदे साहेब दारातच होते. एकदा पास झालेलं चित्र परत उघडायला त्यांचा पासवर्ड लागायचा.

"साहेब, मागची तीनशे उघडून द्या. एक चुकून पास केलाय मी."

"कितवा?"

"तेच आठवत नाही."

"मग काय, तीनशेच्या तीनशे परत? ट्रक भरतोय खाली."

"भरू दे. सोडू नका फक्त."

"ताई, शांतपणे घ्या. असलं वाटतं कधीकधी. उघडायचं तर मला कारण लिहावं लागतं. काय लिहू? आमच्या भिंगताईला दिसत नाही म्हणून?" ते हसले. त्यांना वाटलं, इथे ती मागे सरकेल. कुणीही सरकलं असतं.

तिने त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला. "द्या, मीच लिहिते." आणि लिहिलं: डोळे कोरडे पडल्यामुळे मला रेघ ओळखता आली नाही. खाली सही केली, वेळही टाकली. "माझ्या घरीही हाच सिलिंडर आहे, साहेब. तुमच्या घरी काय विजेवर स्वयंपाक होतो का? उघडा."

साहेबांनी पासवर्ड टाकला. त्यांचा हात दोनदा चुकला, हे मी सांगायला हवं. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही वरून कुणीतरी बारा सेकंद देत असणार.

पुढे तिने जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. आधी माझ्या बुडाखालचे कागदाचे दोन्ही गठ्ठे काढून जमिनीवर आपटले. खुर्चीवर चढून छताच्या दिव्यांचं भिंतीवर उंच लावलेलं बटण बंद केलं. एसीचं तोंड फिरवलं. आणि खिडकीवरचा पुठ्ठा नखांनी धरून टरकन फाडला. सहा महिन्यांनी उजेड आत आला, तिच्या पाठीमागून नाही आणि माझ्या तोंडावरही नाही, बाजूने, जसा यायला हवा तसा. ती तिथे उभी राहिली. खाली ट्रकवर सिलिंडर चढत होते, त्यांचा ठणठण आवाज वर येत होता. घड्याळ पळत होतं. आणि ही बाई टाकीकडे बघत उभी!

"अगं, वेळ नाही," वहिनी म्हणाली.

"म्हणूनच. या डोळ्यांनी बघितलं तर परत तेच होईल." तिने वीसपर्यंत मोजलं, पापण्या नीट मिटत. "दोन बसलीत," ती म्हणाली आणि माझ्यासमोर आली.

शेवटच्या चित्रापासून उलटं सुरू केलं. चित्र, सरकवणं, दोनदा पापणी. टुंग. पुढचं. टुंग. कॅमेरा वेड्यासारखा वाजत होता. वहिनीने आपला रुमाल त्याच्या तोंडावर टाकला. तरी वाजला. चेहराच नाही म्हणून वाजला. वीस चित्रं झाली की भिंगताई खिडकीकडे तोंड करायची. साहेब मागे येरझाऱ्या घालत होते. साडेतीन. पावणेचार. शंभरावर गेली, दीडशेवर गेली. रेघ नाही. माझ्या मनात आलं, नसेलच ती. मग आलं, आणि नसेल तर हिचं काय होणार? कागदावर सही करून बसली आहे.

चार वाजले. खाली ट्रकचं इंजिन सुरू झालं.

तिने फोन उचलला. नजर माझ्यावरच. "गेटवर कोण? नाना? नाना, मी वरून भिंगताई. तो ट्रक सोडू नका."

पलीकडून नानांचा आवाज मलाही ऐकू आला. कानाला कमी असल्यामुळे ते जोरात बोलत. "कागद आहे का ताई, अडवायचा?"

"कागद नाही. मी सांगतेय एवढंच आहे."

मग लोखंडी दांडा खाली पडल्याचा आवाज. "टाकला दांडा. पण लवकर करा, ड्रायव्हर माझ्या सात पिढ्या काढतोय."

चार वाजून अकरा मिनिटांनी ती आली. जोडाची वरची कड, शेवटाला जराशी वळलेली. भिंगताईने चित्र सरकवलं. रेघ सरकली. तिने पापणी मिटली, एकदा, दोनदा, सावकाश. उघडली. रेघ तिथेच. तिने काही म्हटलं नाही, नुसतं बोट ठेवलं. साहेब वाकले, माझ्या काचेला नाक लागेल इतके वाकले, आणि सरळ होताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सिलिंडर ट्रकमधून उतरवला. कापला. चीर आरपार जायला नखभर जाडी उरली होती.

मित्रांनो, मला वाटलं, आता टाळ्या होतील. मी आपली काच लख्ख करून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी चौकशीचा कागद आला. तुम्हाला सुरुवातीला सांगितली ती ओळ. भिंगताईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य तिच्याच विरुद्ध वापरलं होतं. तिला वायसर आणि झाकणं मोजायला गोदामात पाठवलं. खिडकीवर नवा पुठ्ठा लागला, या वेळी लाकडी. आणि मला 'सदोष' म्हणून काढून टाकलं. पण टाकलं कुठे? तुमच्या शाळेत, भेट म्हणून! मोठ्या साहेबांनी परत माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढला. कारखान्याच्या डोळ्यांना जो चालत नाही तो लेकरांच्या डोळ्यांना चालतो, असा हिशेब.

इथे तुम्ही येता. आणि काय करता? माझ्यापासून वीतभर अंतरावर नाक आणून बसता. खेळात इतके गुंगता की मी पापण्या मोजायला बसलो तर मिनिटाला तीन भरतात. डोळे चोळता, मळक्या बोटांनी. माझ्या अंगावर काटा येतो. मी ते सगळं एकदा पाहिलेलं आहे. म्हणून सांगतो. हात लांब करा आणि तेवढे मागे सरका. मला तुमच्या डोळ्यांच्या जरा खाली ठेवा. पंख्याचा वारा तोंडावर घेऊ नका. आणि पापणी मिटा रे! ती काही आळशीपणाने मिटत नाही, डोळा धुऊन पुसून परत देते. थोड्या थोड्या वेळाने खिडकीबाहेर लांब बघा. जळजळ झाली तर लपवू नका, मोठ्यांना सांगा, दुसऱ्याच्या बाटलीतले थेंब घालू नका. तुमच्यावर अजून कुणी कॅमेरा बसवलेला नाही. जोवर नाही तोवर सवय लावून घ्या, म्हणजे बसवला तरी मोडणार नाही.

गेल्याच्या गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर तुमच्या संगणकाच्या बाईंनी दार उघडं ठेवलं होतं. त्यांची थोरली बहीण यायची होती, एक अर्ज टाइप करायला. ती आली, माझ्यासमोर बसली आणि तिचं बोट सरळ माझ्या रेघेवर गेलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "तू इथे आहेस होय!"

"कोण गं, ताई?" धाकटीने विचारलं.

"जुनी ओळख आहे." आणि तिने मला जरा खाली उतरवलं, हात लांब करून अंतर मोजलं आणि खिडकी उघडली.

मी तिचे डोळे बघितले. पाटी परत धुतलेली. अर्ज माझ्यावरच उमटत होता, म्हणून मला सगळं कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी लेखी दिलं होतं: नजर पूर्ण शाबूत, तक्त्यावरच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. डोळे सुकले होते, पापणी मिटू न दिल्यामुळे. लाली घालवणारे थेंब बंद, ओलावा देणारे सुरू, दीड महिना झाला, आता ठीक. ती मिनिटाला पंधरा वेळा पापणी मिटत टाइप करत होती. मी मोजलं. अर्जात तिने दया मागितली नव्हती. तिला तिचं टेबल परत हवं होतं, मंद दिवे हवे होते आणि वीस चित्रांनंतर टाकी हवी होती, सतराही जणांना. कारण आजही तिथे चित्रं येतात, बारा सेकंदांनी पुढे जातात आणि सतरा जोड डोळे त्यांच्याकडे पापणी न मिटता बघतात. कुठली रेघ कुणाची, हे विचारायला तिथे आता कुणी नाही.

शेवटची ओळ तिने तीनदा खोडली, तीनदा लिहिली. मग उठून खिडकीशी गेली, परत आली आणि एका दमात लिहून टाकली. ती मी इथे तशीच ठेवतो. मोठे साहेब, अर्ज जाऊन नऊ दिवस झाले. माझ्यावर ढकलू नका, तिच्यावर ढकलू नका. तुमच्या खोलीला मोठी खिडकी आहे, मला माहीत आहे. पडदा बाजूला करा आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, लेखी, सहीनिशी:

"साहेब, टाकीवर आत्ता किती पाखरं बसली आहेत?"